विनोद आठवतो, साबण आठवत नाही

गेल्या महिन्यात याच पानावर मी सहज लिहून गेले होते की, टीव्हीवर मालिकेपेक्षा मधल्या जाहिराती मी जास्त लक्ष देऊन बघते. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. सव्वीस वर्षं मी मुंबईच्या जाहिरात कंपन्यांत मराठी कॉपी, म्हणजे जाहिरातींचा मजकूर, लिहिली; बहुतेक वेळा हिंदीची मराठी केली, त्यामुळे या विषयावर बोलायला मला आग्रह करावा लागत नाही. जमतील तेवढ्या पत्रांना उत्तरं देते. ‘अमुक क्रीमने खरंच फरक पडतो का’ असं विचारणाऱ्या चौघींनी कृपया त्वचेच्या डॉक्टरांना गाठावं.

प्रश्न : आमची नातवंडं जाहिरातींतले संवाद जसेच्या तसे म्हणून दाखवतात, घरभर हशा होतो. पण ती जाहिरात कशाची, असं विचारलं की सगळे गप्प. परवा एक म्हणाला साबणाची, दुसरी म्हणाली मोबाइलची. आमचं वय झालं की जाहिरातीचं चुकलं?
एक निवृत्त शिक्षिका, सांगली

उत्तर : बाई, तुमचं वय झालं असेलही, पण नातवंडांचं तर झालेलं नाही ना? जाहिरातीचंच चुकलं.

माझ्या पहिल्या नोकरीत एक आर्ट डायरेक्टर होते. जाहिरातीची नवी फिल्म बघायला सगळे जमले की ते खुर्चीतून उठायचे आणि पडद्यावर जिथे डबा, बाटली, पुडी दिसेल तिथे हाताचा पंजा ठेवायचे. “आता बोला, कशाची आहे?” पंजा ठेवूनही विनोद तितकाच हसवत असेल तर म्हणायचे, “छान. हा जोक माझा मेहुणा प्रत्येक लग्नात सांगतो.” मग ती फिल्म लिहिणाऱ्याचं तोंड बघण्यासारखं व्हायचं. त्या टीव्हीच्या काचेवर उजव्या कोपऱ्यात बोटांचा एक डाग कायमचा बसला होता.

फेविकॉलच्या कोंबडीवर हा पंजा ठेवून बघा. आचारी अंडं फोडायला जातो, ते फुटत नाही. आपटतो, ठोकतो, घाम गाळतो, अंडं आपलं जसंच्या तसं. शेवटी तो बाहेर येऊन बघतो, तर कोंबडी निवांत दाणे टिपतेय, आणि दाणे कशात? फेविकॉलच्या रिकाम्या डब्यात. डबा झाकला की उरतं एक न फुटणारं अंडं. कोडं उरतं, विनोद जातो. विनोदाची चावीच त्या डब्यात आहे, म्हणून ती जाहिरात कशाची हे कुणालाही सांगावं लागत नाही.

त्याच कंपनीची बसची फिल्म मला त्याहून आवडते. ओगिल्व्ही या जाहिरात कंपनीचे पीयूष पांडे, जे २०२५च्या ऑक्टोबरमध्ये गेले, त्यांचे भाऊ प्रसून पांडे यांनी ती केली. वाळवंटातला खडबडीत रस्ता, त्यावर एक बस, आणि बसला टपावर, खिडक्यांना, मागे-पुढे, जागा सापडेल तिथे माणसं लटकलेली. बस गचके खाते, एकही माणूस पडत नाही. बस पुढे निघून गेली की मागे फेविकॉलची पाटी दिसते. संवाद नाही, निवेदन नाही. २००२ साली कानच्या जाहिरात महोत्सवात तिला रौप्य सिंह मिळाला. मी पहिल्यांदा बघितली तेव्हा हसलेच नाही. डोंबिवलीहून रोज फास्ट लोकल पकडणारी बाई मी. माझ्या मनात आलं, यात अजून चार जण सहज मावतील. हसू दुसऱ्या वेळी आलं.

आता एक असं बोलते की तुमच्यापैकी अर्धे वाचक रुसतील. धारा तेलाची जिलबीची जाहिरात. घर सोडून निघालेला तो छोटा मुलगा, रेल्वे स्टेशन, रामू काका सांगतात घरी जिलबी केलीय, आणि तो डोळे विस्फारून विचारतो, “जलेबी?” परझान दस्तूरचा तो एक शब्द म्हणजे सोनं आहे. पण पंजा ठेवा. तेल कुठलंही असलं तरी पोरगं घरी परत जाणारच होतं. माझी आई शेवटपर्यंत तिला ‘ती जिलबीची जाहिरात’ म्हणायची, आणि वाण्याकडून तेल मात्र सुटं आणायची. गोड फिल्म आहे, मी आजही बघेन. विक्रीच्या हिशेबात मी तिला पन्नासच मार्क देईन.

तुमच्या नातवंडांच्या जाहिरातीत बहुधा एखादा नट किंवा क्रिकेटवाला असणार. तिथे विनोद त्याच्याबरोबर पॅकेजमध्ये आलेला असतो. तोच माणूस पुढच्या ब्रेकमध्ये दुसऱ्याच वस्तूसाठी तसाच डोळा मारतो. पोरांनी गोंधळ नाही करायचा तर काय करायचं?

प्रश्न : मी सहावीत आहे. आमचे आजोबा पापड भाजताना ‘कर्रम कुर्रम’ म्हणतात आणि विचित्र हसतात. म्हणतात, टीव्हीवर एक ससा होता. तो खरा होता का?
एक छोटी वाचक, चिपळूण

उत्तर : खरा नव्हता गं, बाहुला होता. लिज्जत पापडाचा तो ससा बोलक्या बाहुल्यांचे रामदास पाध्ये यांचा. आजोबांना पाध्यांच्या अर्धवटराव या बाहुल्याबद्दल विचार, संध्याकाळभर सुट्टी नाही तुला. आणि एक गंमत बघ. पापडाचा स्वतःचा आवाजच त्यांनी गाण्यात घेतला. पापड मोडला की दुसरं काहीही ऐकू येत नाही, म्हणून आजोबांना इतक्या वर्षांनी आठवतंय. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला घेतले, तिथून हे सगळं सुरू झालं, तेही विचार.

प्रश्न : मराठी वाहिन्यांवरच्या जाहिराती ऐकवत नाहीत. ओठ एक बोलतात, आवाज दुसरंच. ‘आता मिळवा’, ‘फक्त तुमच्यासाठी’ हे कुठलं मराठी? मराठी माणसाला जाहिरात लिहिता येत नाही का?
एक वाचक, ठाणे

उत्तर : येते हो. लिहू देत नाहीत. यात माझेही हात रंगलेले आहेत, तेव्हा कारखाना आतून कसा चालतो ते सांगते.

फिल्म हिंदीत शूट होऊन, कापून, मंजूर होऊन आमच्याकडे येते. सेकंद ठरलेले असतात. हिंदीतला ‘है’ एका दमात संपतो, आपला ‘आहे’ दोन दम घेतो. ‘और’चं ‘आणि’ होतं, ‘में’ शब्दाला चिकटून ‘मध्ये’ होतं. तीस सेकंदांच्या फिल्ममध्ये या अर्ध्या-अर्ध्या दमांची बेरीज चार-पाच सेकंदांवर जाते, आणि तेवढे सेकंद कुणाच्या बापाचे नसतात. म्हणून आवाज देणारी मुलगी धापा टाकत बोलते. तुम्हाला वाटतं तिला मराठी येत नाही. तिला येतं, वेळ मिळत नाही.

मग ओठ. प, ब, म म्हणताना ओठ मिटतात, ते कॅमेऱ्याला लांबूनही दिसतं. हिंदीतलं पोरगं ‘मम्मी’ म्हणून ओढत येतं. मी लिहिलं ‘आई’, तर मिटलेल्या ओठांतून ‘आ’ निघतो. डबिंग स्टुडिओतल्या काचेमागून इंजिनियर हात हलवतो: नाही बसत. जाहिरातीतली मराठी घरंदाज पोरं आईला मम्मी का म्हणतात, याचा राग तुम्ही इंग्रजी शाळांवर काढत असाल तर तो थोडा आमच्याकडेही वळवा. ‘बेटा’चं ‘बाळा’ झालं की त्या दिवशी आम्ही चहा सांगायचो, कारण तिथे ओठ आपोआप बसायचे.

आणि सगळ्यात वर उलट भाषांतर. मराठी मजकूर क्लाएंटला कळत नाही, म्हणून त्याचं शब्दशः इंग्रजी करून पाठवायचं. एका थंड तेलासाठी मी लिहिलं होतं: घरात पाहुणे, गॅस संपलेला, दारात वीजबिलवाला, आणि बाई शांतपणे वेणी सोडून म्हणते, “डोक्याला ताप? उतरवते थांबा.” खोलीतले चारही मराठी लोक हसले. इंग्रजीत गेल्यावर ‘डोक्याला ताप’चं झालं ‘फीव्हर टु द हेड’. दुसऱ्या दिवशी त्यांच्या कायदा विभागाचा फोन: आपलं तेल तापावर चालतं असा वैद्यकीय दावा आपण कसा करू शकतो? मी अर्धा तास समजावलं. मग म्हणे, कशाला वाद, हिंदीत आहे तसंच करा. आणि प्रसारित काय झालं? “आता मिळवा तणावापासून मुक्ती.” तुमचं ते ‘आता मिळवा’ असं जन्माला येतं. त्यातलं एक माझ्या पोटचं आहे.

मराठीत विचार करून लिहिलेली जाहिरात बघायची तर दिवाळीत कुठे लांब जावं लागत नाही. “उठा उठा, दिवाळी आली, मोती स्नानाची वेळ झाली.” विद्याधर करमरकरांचा तो अलार्म काका दारोदार जाऊन सगळ्यांना उठवतो. हे हिंदीतून आलंच नसतं, कारण नरकचतुर्दशीला अंधारात उठून उटणं लावून अंघोळ केली नाही तर काय होतं याची धास्ती आपल्याकडचीच. आणि प्रत्येक चाळीत, प्रत्येक सोसायटीत असा एक म्हातारा असतोच, ज्याच्यावर सगळे वैतागतात आणि एखाद्या वर्षी तो आला नाही तर चुकल्यासारखं होतं. इथे साबण पंजाने झाकायची सोयच नाही, तो वाक्यातच बसलाय. करमरकर २०२२ मध्ये गेले. त्या दिवाळीत आमच्या शेजारच्या बारा वर्षांच्या मुलाने कुणी न सांगता सगळ्या मजल्यांवर बेल वाजवली आणि शिव्या खाल्ल्या.

प्रश्न : व्होडाफोनचे झूझू हे ॲनिमेशन होतं की माणसं, यावर मित्राशी पैज लागलीय. पाचशे रुपयांचा प्रश्न आहे.
एक अभियांत्रिकीचा विद्यार्थी, नाशिक

उत्तर : माणसं म्हणाला असशील तर वसूल कर. २००९ची आयपीएल निवडणुकांमुळे दक्षिण आफ्रिकेला गेली, आणि प्रकाश वर्मांच्या निर्वाण फिल्म्सने ओगिल्व्हीसाठी झूझूही तिथेच, केपटाउनला शूट केले. पांढऱ्या पोशाखात बारीक चणीचे कलाकार, बहुतेक बायका. तोंडावरचे भाव रबराचे, वरून चिकटवलेले. सेट मुद्दाम मोठे बांधले म्हणजे आतला माणूस लहान दिसेल, आणि कॅमेऱ्याचा वेग कमी ठेवला म्हणजे हालचाल कार्टूनसारखी तुटक दिसेल. साधारण तीस फिल्म, म्हणजे स्पर्धेत जवळजवळ रोज एक नवी. संगणकावर एवढं करायला बसले असते तर आयपीएल संपून पुढची आली असती.

मला त्यातली खरी हुशारी त्यांच्या बडबडीत वाटते. झूझू कुठलीच भाषा बोलत नाहीत. वरच्या ठाण्याच्या वाचकांनी हे वाचावं: ना डबिंग, ना ओठ बसवणं, ना कुणाच्या डोक्याला ताप. त्या उन्हाळ्यात मला कामच नव्हतं. आणि एकेका फिल्ममध्ये मोबाइलची एकच सेवा सांगायची, ही शिस्त त्यांनी पाळली. पुढच्या वर्षांत मात्र झूझू नुसतेच धडपडायला लागले. धडपडणारा माणूस दोनदा हसवतो, तिसऱ्यांदा आपण त्याला उठवायला जातो.

प्रश्न : ‘विको टर्मरिक, नहीं कॉस्मेटिक’ ही ओळ लहानपणापासून ऐकतोय. क्रीम आहे तर कॉस्मेटिक का नाही?
एक वाचक, नागपूर

उत्तर : कारण कर. तेव्हा सौंदर्यप्रसाधनांवर अबकारी कर जास्त होता, आयुर्वेदिक औषधावर कमी. सरकारी खातं म्हणत होतं हे प्रसाधन, पेंढरकरांची कंपनी म्हणत होती औषध, आणि भांडण पार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. निकाल कंपनीच्या बाजूने लागला. म्हणजे लग्नघरातली हळद लागलेली नवरी बघत आपण जे गाणं गुणगुणत होतो, त्यातलं ते ‘नहीं’ तिकडे वकील लोक काळ्या कोटात मांडत होते. कराच्या वादाला याहून सुरेल चाल कुणी लावल्याचं मला माहीत नाही.

प्रश्न : जाहिरातीत हसायचं म्हणजे कुणातरी जाड्या माणसाला, सावळ्या मुलीला किंवा बावळट नवऱ्यालाच हसायचं का? तक्रार करायची सोय आहे का?
एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : सोय आहे. जाहिरातवाल्यांनीच १९८५ मध्ये स्थापन केलेली अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया आहे, तिच्याकडे साधा ग्राहकही ऑनलाइन तक्रार करू शकतो. २०२२ मध्ये त्यांनी बाई-पुरुषांच्या ठरावीक साच्यांवर नियमावलीही काढली. तक्रार करताना जाहिरात कुठल्या वाहिनीवर, कुठल्या तारखेला, किती वाजता दिसली ते लिहून ठेवा; ‘हल्ली काहीही दाखवतात’ एवढ्यावर कुणी काही करू शकत नाही.

पण ‘का’ विचारलंत, तर उत्तर लाजिरवाणं आहे. संध्याकाळी सात वाजता, सकाळी दहाला स्क्रिप्ट द्यायची असताना, जाडी बाई ही सगळ्यात जवळची खुर्ची असते. मीही त्या खुर्चीवर बसले आहे. एका मसाल्याच्या केबलवरच्या जाहिरातीत मी एक जाडी बाई वासामागे धावत जिना चढते आणि पायरी मोडते, असं लिहिलं होतं. सगळे हसले, क्लाएंटही हसला. ती लागली तेव्हा मी मावशीकडे होते. मावशी तांदूळ निवडत बसली होती. तिने मान वर करून बघितलं आणि म्हणाली, “छान केलीस हो. माझ्याच अंगाची आहे ना ती?” आणि परत सुपात बघायला लागली. मसाल्याचं नाव तिला आठवलं नाही, मलाही आता धड आठवत नाही.

याच्या उलट सर्फ या कपडे धुण्याच्या पावडरीच्या जाहिरातीतली ललिताजी. निरमा स्वस्तात बाजार मारत होती आणि सर्फ महाग होता. अलेक पदमसींच्या लिंटास या जाहिरात कंपनीने महाग वस्तू घेणारी बाई उधळी दाखवली नाही. घासाघीस करणारी, पैन् पैचा हिशेब विचारणारी दाखवली. कविता चौधरींनी ती अशी केली की भाजीवाला तिच्यासमोर दबकूनच उभा राहावा. हसू येतं, पण तिला नाही, तिच्या तावडीत सापडणाऱ्याला. “सर्फ की खरीदारी में ही समझदारी है” हे वाक्य तिच्या तोंडी उपदेश वाटत नाही, निकाल वाटतो. त्या काळी आमच्या गल्लीत निदान तीन ललिताजी होत्या, आणि तिघींना ते नाव आवडायचं. तुमच्या जाडीच्या विनोदातलं नाव कुणी मिरवेल का?

प्रश्न : कराडला माझं गाद्या-उशांचं दुकान आहे. लोकल केबलवर वीस सेकंदांची जाहिरात द्यायचीय. कथा मीच लिहिली. नवरा मित्राला म्हणतो, “रात्रभर झोप नाही रे, बायको बदलावी म्हणतो.” मित्र म्हणतो, “बायको नको, गादी बदल!” ताई, कशी वाटते?
एक दुकानदार, कराड

उत्तर : दादा, पंजा ठेवा. गादीच्या जागी पंखा, उशी, डासांची उदबत्ती, काहीही घाला, विनोद तसाच चालतो. म्हणजे तुमच्या पैशात शेजारच्या पंख्याच्या दुकानाचीही जाहिरात. शिवाय मला सांगा, दुकानात येऊन गादीवर मूठ दाबून बघतं कोण, कापूस कुठला विचारतं कोण, दोनशे रुपये कमी करायला लावतं कोण? तिलाच तुम्ही बदलायला निघालात.

गादी काय करते ते बघा. माणसाला उठू देत नाही. तिथून सुरुवात करू. पाहुणा बॅग भरून निघालाय, यजमान हसतमुखाने दार उघडून उभा. पाहुणा बूट घालायला गादीवर टेकतो. नुसता टेकतो. पुढच्या चित्रात तो घोरतोय, एक बूट पायात. मग तेच दार, तोच यजमान, पण दाराबाहेर पाऊस. परत पाहुणा टेकतो, परत आडवा. मग थंडी, यजमानाच्या कानाला मफलर. शेवटी पाहुणा गादीवर मजेत, आणि खाली चटईवर यजमान आणि त्याची बायको छताकडे बघत पडलेत. बायको म्हणते, “अजून एक आणा.” त्यावर तुमच्या दुकानाचं नाव, पत्ता आणि फोन, पूर्ण चार सेकंद, अक्षरं मोठी ठेवा, केबलवर बारीक अक्षर मुंग्यांसारखं दिसतं. संवाद एवढाच, तीन शब्दांचा, आणि तो बायकोचा. पाठीमागे गाणं लावू नका, घोरण्याचा आवाज चांगला रेकॉर्ड करून घ्या.

पाहुण्यासाठी नट शोधत बसू नका. पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की मेहुणे दिवाळीपासून तुमच्याकडेच आहेत. त्यांना घ्या. फक्त कथा आधी सांगू नका.